ग्रुपचे ग्राउंड रूल्स कसे ठरवायचे: पहिल्यांदाच ग्रुप चालवणाऱ्यांसाठी

चार-आठ जणांनी मिळून काही करायचं ठरवलं, मग तो ऑफिसातला प्रोजेक्ट असो, परीक्षेचा अभ्यास ग्रुप असो, नाटकाची टीम असो की आठवड्यातून एकदा भेटणारे स्वयंसेवक, पहिल्या दिवशी सगळे इतके उत्साहात असतात की नियमबियम काढले तर काढणाराच खडूस ठरतो. "अरे आपण सगळे समजूतदार आहोत, नियम कशाला?" हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक ग्रुपमध्ये ऐकलंय. समजूतदार सगळे असतातच हो, पण "लवकर कळवतो" म्हणजे एकाच्या डोक्यात आज रात्री आणि दुसऱ्याच्या डोक्यात पुढचा आठवडा, आणि हे दोघांनाही आपसात वाजेपर्यंत कळत नाही.

ब्रूस टकमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये ग्रुप कसे पुढे सरकतात त्याचे टप्पे मांडले होते: आधी जमणं, मग खटके उडणं, मग नियम बसणं, आणि मग कुठे नीट काम. म्हणजे खटके उडणारच, नियम केले म्हणून ते टळत नाहीत. फक्त खटका उडाल्यावर कोणी काय करायचं हे शांत डोक्याने आधी ठरलेलं असतं, आणि माझ्या मते ग्राउंड रूल्सचा खरा उपयोग एवढाच. मी मेंबर म्हणून, मिनट्स (मीटिंगमध्ये काय ठरलं त्याची नोंद) लिहिणारा म्हणून आणि नंतर मीटिंग चालवणारा म्हणून बऱ्याच ग्रुपमध्ये राहिलोय, त्यातून जे टिकलेलं बघितलं ते क्रमाने लिहितोय.

आधी हे हाताशी ठेवा

- सगळ्या मेंबरांची यादी, आणि प्रत्येकाला आठवड्यात खरोखर किती वेळ देता येईल (त्यांनी स्वतः लिहिलेलं, तुम्ही गृहीत धरलेलं नाही)
- चिकटवायच्या छोट्या चिठ्ठ्या किंवा साधे कागदाचे तुकडे. ऑनलाइन असाल तर नाव न दिसणारा फॉर्म
- सगळ्यांना उघडता येईल असं एकच शेअर्ड डॉक्युमेंट
- मोबाइलमधला टायमर
- नियमांसाठी वेगळा ठेवलेला तास-दीड तास

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "मीटिंगच्या शेवटी पाच मिनिटं नियमांवर बोलू" असं ठरवलंत तर ते बोलणं कधीच होत नाही.

१. ग्रुप कशासाठी आहे ते एका वाक्यात लिहा

आणि कधी संपणार तेही. "मार्चअखेर अहवाल तयार करून द्यायचा" हे वाक्य चालेल, "चांगलं काम करायचं" हे नाही चालणार. हे वाक्य नसेल तर पुढचे नियम कशाच्या जोरावर ठरवणार? महिनाभराच्या कामाला आणि तीन वर्षं चालणाऱ्या ग्रुपला एकसारखे नियम लागत नाहीत. यावर दहा मिनिटांपेक्षा जास्त वाद झाला तर समजा की तुमचा प्रश्न नियमांचा नाहीच, लोक वेगवेगळ्या कामासाठी आलेत, आधी ते मिटवा.

२. "कुठले नियम हवेत?" असं विचारू नका

असं विचारलं की लोक एकदम शाळेत शिरतात. वेळेवर यावे, एकमेकांचा आदर करावा, मोबाइल बंद ठेवावा. सगळे माना डोलावतात, कागद भरतो, आणि उपयोग शून्य.

त्याऐवजी असं विचारा: "याआधीच्या ग्रुपमध्ये तुम्हाला कशाचा वैताग आला होता?" प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, नाव नाही. मग एकाने सगळ्या गोळा करून वाचायच्या. इथे खरा माल बाहेर येतो. "माझी आयडिया दुसऱ्याने सांगितली तेव्हा सगळ्यांना आवडली." "रात्री साडेअकराला मेसेज आणि सकाळी नऊला, बघितलंस का?" "मिनट्स नेहमी मीच लिहायची." "मीटिंगमध्ये ठरायचं एक आणि बाहेर जाऊन दोघं बदलायचे." यातल्या एकेका चिठ्ठीचा एकेक नियम होतो. सारख्या चिठ्ठ्या एकत्र लावा, ज्या ढिगात जास्त चिठ्ठ्या तिथून सुरुवात करा.

एक सांभाळा: कोणी कुठली चिठ्ठी लिहिली हे अक्षरावरून ओळखायचा खेळ सुरू होऊ देऊ नका. एकदा "ही तुझी ना?" झालं की पुढच्या वेळी सगळे गुळमुळीत लिहितात.

३. इच्छा खोडा, वागणं लिहा

नियम चांगला आहे का हे बघायची माझी एकच चाचणी आहे: बाहेरच्या माणसाला कागद दिला तर नियम पाळला गेला की नाही हे त्याला सांगता येईल का? "आदर ठेवायचा" यावर तो काय सांगणार? पण "दुसरा बोलत असताना मध्ये तोडायचं नाही, तोडलंच तर मीटिंग चालवणारा हात वर करेल आणि पहिल्याचं बोलणं आधी पूर्ण होईल" हे कोणालाही दिसतं.

याचं मला आवडणारं उदाहरण खूप जुनं आहे. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल नावाच्या डोंगरातल्या गावात सगळ्यांचं मिळून एक कुरण होतं. तिथला १५१७ सालचा नियम असा की ज्याला हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जेवढ्या गाई पोसता येतात तेवढ्याच त्याने उन्हाळ्यात कुरणावर सोडायच्या. कुरण जपून वापरा, हाव धरू नका असलं काही नाही. गाई मोजा, झालं. शेजाऱ्यालाही मोजता येतात.

तर तुमच्याकडच्या इच्छा अशा बदलून घ्या:

- "वेळेवर यायचं" → ७ ला सुरू करायचं, जितके आले असतील तितक्यांत. उशिरा आलेल्यासाठी मागचं परत सांगायचं नाही, त्याने नंतर मिनट्स वाचायचे.
- "संवाद ठेवायचा" → ग्रुपवर विचारलेल्या प्रश्नाला ज्याचं नाव घेतलंय त्याने २४ तासांत उत्तर द्यायचं, "आत्ता सांगता येत नाही, शुक्रवारी सांगतो" हेही उत्तरच.
- "जबाबदारीने काम करायचं" → काम डेडलाइनला होणार नाही असं वाटलं की डेडलाइनच्या आधी सांगायचं. आधी सांगितलं तर प्रश्न नाही, नंतर सांगितलं तर आहे.
- "गुप्तता पाळायची" → काय बोललं गेलं ते बाहेर सांगितलं तर चालेल, कोण बोललं ते नाही. (लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेचा १९२७ पासूनचा प्रसिद्ध नियम साधारण हाच आहे, आणि "काहीच बाहेर बोलायचं नाही" यापेक्षा तो पाळायला कितीतरी सोपा.)

आणि किती नियम? कागदाच्या एका बाजूवर मावतील तितके, सात-आठ. पंचवीस कलमं लिहिलीत तर ती कोणाच्या लक्षात राहत नाहीत, आणि लक्षात नसलेला नियम कोणीतरी नेमका दुसऱ्याला अडकवायलाच बाहेर काढतो.

४. निर्णय कसा होणार ते लिहा (इथे घाई करू नका)

बहुतेक ग्रुप इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मीटिंग संपत आलीये. कोणीतरी म्हणतं, "मग हेच फायनल ना?" दोघं मान हलवतात. एकजण फोनमध्ये आहे. एकजण चार्जरची वायर गुंडाळतोय. एकीने "हं" केलं, ते हो होतं की "हं, बघू" होतं ते तिचं तिलाच माहीत. झालं, फायनल! आणि चार दिवसांनी ग्रुपवर मेसेज येतो, "मी कुठे हो म्हटलं होतं?" आणि खरं सांगू, तो माणूस बरोबर असतो, कारण गप्प बसणं म्हणजे होकार असं कोणी कधी ठरवलंच नव्हतं. ठरवायचं असेल तर तसं लिहा: "ग्रुपवर टाकलेल्या प्रस्तावाला ४८ तासांत हरकत आली नाही तर तो मंजूर." मग गप्प बसणाऱ्यालाही माहीत असतं की आपण काय करतोय.

सगळे निर्णय एकाच पद्धतीने घ्यायचे नसतात. साधारण अशी वाटणी करा:

*ज्याचं काम त्याचा निर्णय.* लहानसहान गोष्टी, आणि ज्या उद्या बदलता येतात त्या. फॉन्ट कुठला, यादीचा क्रम काय. यावर ग्रुपमध्ये चर्चा नाही म्हणजे नाही. छोट्या गोष्टीवर सगळ्यांना मत असतं त्यामुळे वेळ तिथेच जातो, आणि मोठी गोष्ट शेवटच्या पाच मिनिटांत उरकते.

*अडत नसेल तर पुढे.* बहुतेक कामाच्या निर्णयांना ही पद्धत. "सगळ्यांना आवडलं का?" असं विचारायचंच नाही, कारण सगळ्यांना आवडेल असं काही नसतंच. विचारायचं, "हे केलं तर आपलं काम बिघडेल असं कोणाला वाटतंय का, आणि कशामुळे?" हरकत घेणाऱ्याने कारण द्यायचं, नुसतं "मला नाही पटत" चालणार नाही. कारण दिलं की त्यावर बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही. इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणारी आयईटीएफ म्हणून संस्था आहे, तिथे हात वर करून मतं मोजण्याऐवजी खोलीतल्या लोकांना चक्क गुणगुणायला सांगतात, आवाज किती आला त्यावरून कल कळतो. पण त्याने निर्णय लागत नाही, हरकत एकट्याची असली तरी तिचा विचार झाला का हे बघतात. विचार झाला पाहिजे, मान्य झालीच पाहिजे असं नाही. हा फरक तुमच्या कागदावर जरूर लिहा.

*बहुमत.* जिथे बरोबर-चूक काही नाही, फक्त आवड आहे तिथे. तारीख, नाव, रंग. किती जण हजर असले तर मत घ्यायचं तो आकडा आधीच ठरवा, नाहीतर तिघं बसून अकरा जणांचं ठरवतात.

*सगळ्यांचा होकार.* पैसे, कोणाला ग्रुपमध्ये घ्यायचं किंवा काढायचं (ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो सोडून), आणि हे नियम बदलणं. एवढंच. सगळ्याच गोष्टींना सर्वसंमती ठेवलीत तर जो सगळ्यात हट्टी तोच ग्रुप चालवतो.

आणि ठरलेली गोष्ट परत कधी उकरता येईल? "नवीन माहिती आली तरच" असं लिहून टाका. याने निम्म्या मीटिंगा वाचतात.

५. बोलण्याचे नियम

सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये एक प्रयोग छापला होता. समोर रेघा, कुठली कुठल्याएवढी आहे ते सांगायचं, लहान पोरालाही दिसेल इतकं सोपं. पण आधीची सगळी माणसं (ती सामील होती) ठरवून चुकीचं उत्तर द्यायची, आणि मग खऱ्या माणसाची पाळी. अशा वेळी साधारण एक तृतीयांश उत्तरं त्या चुकीच्या घोळक्याच्या मागे गेली. पण घोळक्यातल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिलं की हे प्रमाण धाडकन खाली यायचं. तुमच्या मीटिंगमध्ये तर रेघांपेक्षा कितीतरी धूसर गोष्टी असतात आणि पहिला बोलणारा बहुतेकदा सिनियर असतो. म्हणून:

- महत्त्वाच्या प्रश्नावर आधी दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं, मग बोलायचं.
- सिनियर किंवा ग्रुप चालवणारा सगळ्यात शेवटी बोलणार.
- एका विषयावर दुसऱ्यांदा बोलायचं तर ज्यांना बोलायचंय ते सगळे एकदा बोलून झालेले हवेत. हेन्री रॉबर्ट या अमेरिकन लष्करी इंजिनियरने १८७६ मध्ये सभा चालवायचे नियम छापले, त्या परंपरेतला हा नियम, आजही तितकाच कामाचा.

बडबड्या माणसाला "तू कमी बोल" सांगण्यापेक्षा हा नियम बरा, कोणाचा अपमान होत नाही. आणि गप्प माणसाला अचानक "तू काय म्हणतेस गं?" करून उजेडात ओढू नका. लिहायची दोन मिनिटं दिली असतील तर ती कागदावरचं वाचून दाखवू शकते.

६. मेसेज ग्रुप

थोडक्यात: कामाचा ग्रुप वेगळा, गप्पांचा वेगळा. कामाच्या ग्रुपवर फॉरवर्ड नाही. किती वाजल्यानंतर उत्तराची अपेक्षा नाही ती वेळ लिहा. निर्णय चॅटमध्ये झाला तर तो डॉक्युमेंटमध्ये नेऊन ठेवेपर्यंत झालाच नाही असं समजायचं, कारण नंतर तो शोधायला कोणी दोनशे मेसेज वर सरकवत बसत नाही. आणि अंगठ्याच्या इमोजीचा अर्थ ठरवा: "वाचलं" की "मान्य"? हसू नका, यावरून भांडणं झालेली बघितलीयत. रागाची गोष्ट टाइप करायची नाही, फोन करायचा.

७. कामावर एकाचं नाव

"आपण सगळे मिळून बघू" म्हणजे कोणी बघणार नाही. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढायला लावून माणसांचा जोर मोजला होता (हे १९१३ मध्ये छापून आलं), तर आठ जण मिळून ओढताना माणशी जोर एकट्याने ओढतानाच्या जवळपास निम्म्यावर आला होता. यात सगळाच आळस नव्हता, दोर एकाच वेळी ओढला जात नाही हेही होतं. पण दोन्हीवर उपाय तोच: प्रत्येक कामापुढे एक नाव, एक तारीख. मदतीला दहा जण असू देत, नाव एकच.

मिनट्स लिहिणं, खोली बुक करणं, आठवण करणं ही कामं पाळीपाळीने, आणि पाळीचा तक्ता त्याच डॉक्युमेंटमध्ये. नाहीतर ती नेहमी त्याच एका-दोघींच्या गळ्यात पडतात, चिठ्ठ्यांमध्ये हे दर वेळी निघतं.

८. नियम मोडला तर काय

हा भाग नसेल तर वरचं सगळं फाडून टाका, मी गंमत करत नाहीये. नियम मोडल्यावर कोण बोलणार हे ठरलेलं नसेल तर कोणीच बोलत नाही, सगळे बघतात, आणि पुढच्या आठवड्यात तो नियम मेलेला असतो. किंवा महिनाभर साठवून एकदम स्फोट होतो.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वर जे कुरण सांगितलं तसली सामायिक कुरणं, पाटाचं पाणी, मासेमारी लोक पिढ्यानपिढ्या भांडून न संपवता कशी सांभाळतात याचा त्यांनी अभ्यास केला. १९९० मध्ये त्यांनी मांडलेल्या आठ तत्त्वांपैकी दोन इथे नेमकी लागू पडतात: ज्यांना नियम पाळायचेत त्यांना ते बनवण्यात आणि बदलण्यात भाग हवा, आणि शिक्षा पायरीपायरीने वाढणारी हवी. पहिल्या चुकीला हलकीच, फक्त "आम्ही बघितलं" एवढं कळण्यापुरती.

ग्रुपसाठी पायऱ्या अशा ठेवता येतात:

१. पहिल्यांदा: ठरलेल्या माणसाने दोन दिवसांच्या आत खाजगीत बोलायचं. सगळ्यांसमोर नाही, टोमणा नाही. बोलायचं काय तेही सांगतो: "गुरुवारी शीट यायची होती, आली नाही. काही अडलंय का? कधीपर्यंत देशील, की दुसऱ्या कोणाकडे देऊ?" झालेलं सांगा, कारण विचारा, पुढचं ठरवा. "तू नेहमीच असं करतोस" हे वाक्य घशातच ठेवा.
२. परत झालं: पुढच्या मीटिंगमध्ये त्या कामाबद्दल बोलायचं, माणसाबद्दल नाही. काम जास्त दिलंय का? नियमच चुकीचा आहे का? पुष्कळदा नियमच चुकीचा निघतो. सातची वेळ निम्म्या लोकांना झेपतच नसेल तर साडेसात करा की!
३. तरीही: ते काम दुसऱ्याकडे, आणि त्या निर्णयापुरतं त्याचं मत नाही.
४. शेवटी: ग्रुपमध्ये राहायचं का यावर सरळ बोलणं. बाहेर पडायचा रस्ता आधीच लिहिलेला असला तर यात कडवटपणा कमी येतो.

धमकी, त्रास देणं, पैशांची अफरातफर असलं काही असेल तर पायऱ्या नाहीत, थेट थांबवायचं आणि ज्या संस्थेत असाल तिथल्या तक्रारीच्या रस्त्याने जायचं. हेही एका ओळीत लिहून ठेवा.

आणि एक प्रश्न मुद्दाम विचारा: ग्रुप चालवणाऱ्यानेच नियम मोडला तर त्याला कोण सांगणार? त्या माणसाचं नाव लिहा. हे नाव लिहिताना खोलीत थोडी शांतता पसरते, पसरू द्या. नंतर प्रमुखाला पहिल्यांदा कोणी टोकलं आणि त्याने "हो, चुकलं" म्हटलं की बाकीच्यांना तुम्हाला फारसं सांगावं लागत नाही.

९. होकार घ्या आणि मग वापरा

कागद तयार झाला की एकेकाला विचारा, "यातला कुठला नियम तुला पाळणं अवघड जाईल?" "मान्य आहे का" विचारलंत तर सगळे हो म्हणतात. अवघड काय ते विचारलं की एखादी सांगते, "मला बुधवारी २४ तासांत उत्तर देणं जमणार नाही, प्रवासात असते", आणि नियम तिथल्या तिथे दुरुस्त होतो.

डॉक्युमेंट मेसेज ग्रुपवर पिन करा. पहिल्या तीन-चार मीटिंगांमध्ये सुरुवातीला एक मिनिट ते उघडा, मग गरज राहत नाही. महिन्याने एकदा बघा: कुठला नियम कोणी वापरलाच नाही? खोडा. नवीन माणूस आला तर त्याला नुसती लिंक पाठवू नका, कोणीतरी बसून सांगा की हा नियम का केला, आणि त्याचीही एक चिठ्ठी घ्या, वैताग त्यालाही असतातच.

१०. भरायचा नमुना

कॉपी करा, रिकाम्या जागा ग्रुपने मिळून भरा, एकट्याने भरून आणू नका.

- आपण हे करतोय: ____, आणि हे संपणार: ____
- भेटायचं: ____ वार, ____ ते ____. आलेल्यांत सुरू.
- उत्तर द्यायचा वेळ: ____ तास. ____ वाजल्यानंतर अपेक्षा नाही.
- काम डेडलाइनला होणार नसेल तर कळवायचं: किमान ____ दिवस आधी, ____ ला.
- ज्याचं काम त्याचा निर्णय: ____ / अडत नसेल तर पुढे: ____ / बहुमत (किमान ____ हजर): ____ / सगळ्यांचा होकार: ____
- गप्प बसणं म्हणजे: होकार / नकार / काहीच नाही (एक ठेवा)
- बाहेर काय सांगायचं नाही: ____
- मिनट्सची पाळी: ____
- नियम मोडला तर बोलणार: ____. तोच मोडेल तेव्हा बोलणार: ____
- हा कागद परत उघडायची तारीख: ____